कोळंबीवरचा आयसोपॉड ओळखताना ‘वर्म्स’ किती उपयोगी पडते?

‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’, म्हणजे ज्याला आम्ही प्राणिशास्त्रातले लोक नुसते ‘वर्म्स’ म्हणतो, ती सागरी जीवांच्या नावांची जागतिक नोंदवही मी गेली तीन वर्षे एकाच कामासाठी जवळजवळ रोज उघडतो आहे. ते काम म्हणजे कोळंबीच्या अंगावर राहणाऱ्या परजीवी आयसोपॉडांची, म्हणजे कवचधारी प्राण्यांच्या एका गणातल्या लहान जीवांची, ओळख पटवणे. कोकणातल्या एका महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे विद्यार्थी मासळी बाजारातून असे नमुने घेऊन येतात, आणि ‘सर, हे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला माझ्याकडे महागडी ग्रंथसंपदा नाही. तेव्हा ही फुकट मिळणारी सेवा या एका कामापुरती कशी चालते, कुठे तारते आणि कुठे आपल्याला आपल्याच भिंगाकडे परत पाठवते, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती न कळल्यामुळे बरेच जण या सेवेवर विनाकारण नाराज होतात. वर्म्स तुम्हाला प्राणी ओळखून देत नाही. तुम्ही ओळखलेल्या प्राण्याचे आज मान्य असलेले नाव कोणते, ते पहिल्यांदा कोणी व कधी दिले, मध्यंतरी त्याला आणखी कोणकोणती नावे होती आणि तो वर्गीकरणात कुठे बसतो, एवढे ती सांगते. ओळख आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोळंबीवरच्या आयसोपॉडांच्या बाबतीत त्यांच्यातले अंतर फार मोठे आहे.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. कोळंबी निवडताना कधीकधी एखादीच्या डोक्याच्या कवचाची एक बाजू फुगलेली दिसते, जणू कोणी गालात सुपारी धरली आहे. आमच्या बाजारातल्या एक कोळीण मावशी अशी कोळंबी वाट्यातून बाजूला काढून ठेवतात आणि मी दिसलो की ‘घ्या सर, तुमचं गाठीवालं’ म्हणून हातावर ठेवतात. ते कवच कात्रीने अलगद उचलले की कल्ल्यांच्या पोकळीत एक चपटा, पिवळसर, एका बाजूला वाकलेला जीव अंग चोरून बसलेला दिसतो. पावसाळ्यात कुंडीखाली सापडणारा आणि हात लावताच गोळा होणारा जो किडा असतो, त्याच्याच गणातला हा प्राणी आहे, यावर विद्यार्थ्यांचा आधी विश्वासच बसत नाही. दिसते ती मादी असते. डोळे जवळपास गेलेले, शरीर वाकडे, पोटाखाली अंडी धरणाऱ्या पातळ पट्ट्यांची पिशवी आणि काठावर आकड्यांसारखे आखूड पाय. ती कोळंबीचे रक्त शोषून जगते आणि बहुतेक वेळा यजमान कोळंबीची प्रजननक्षमता संपवून टाकते.

नर मात्र शोधावा लागतो. माझ्या हाती आलेली पहिली मादी साधारण दीड सेंटिमीटरची होती, आणि तिच्या उदराच्या खालच्या अंगाला, पंखासारख्या उपांगांच्या दाटीत, तीन-चार मिलिमीटरचा सरळसोट, सममित नर चिकटलेला होता. तो तिथे असतो हे ठाऊक नसल्यामुळे मी मादी नळाखाली धुतली आणि नर पाण्याबरोबर गेला. ही चूक मी मुद्दाम सांगतो आहे, कारण हा प्राणी ज्या बोपायरिडी कुलातला आहे त्यातल्या अनेक प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट, ‘जीनस’) वेगळ्या करायला नराचे उदर पाहावे लागते. काहींत उदराचे खंड सुटे असतात, काहींत एकमेकांत मिसळून गेलेले असतात. नर हरवला की निम्मी ओळख हरवते, आणि मग कितीही चांगली नोंदवही उघडली तरी ती रिकामी जागा भरून निघत नाही.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळतो. वर्म्सचे बिऱ्हाड बेल्जियममधल्या ऑस्टेंड येथील फ्लँडर्स मरीन इन्स्टिट्यूटमध्ये आहे, पण त्यातला मजकूर जगभरचे तज्ज्ञ संपादक सांभाळतात. त्यातल्याच एका उपसूचीत जगातले सागरी, गोड्या पाण्यातले आणि जमिनीवरचे सगळे आयसोपॉड नोंदवलेले आहेत. तिच्या संपादकांत ख्रिस्तोफर बॉयको आहेत, ज्यांनी जेसन विल्यम्स यांच्याबरोबर 2012 मध्ये ‘प्लॉस वन’ या खुल्या नियतकालिकात या परजीवींच्या जागतिक विविधतेचा आढावा घेतला होता. त्या आढाव्यात कवचधारी (कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातल्या) यजमानांवर जगणाऱ्या आयसोपॉडांच्या 795 जाती मोजल्या आहेत, म्हणजे तोपर्यंत वर्णन झालेल्या एकूण आयसोपॉडांच्या सुमारे 7.7 टक्के. ज्यांनी हा गट आयुष्यभर हाताळला आहे तेच लोक सूची सांभाळत असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत वाटत नाही. नोंदणी न करता, पैसे न देता, कोणालाही शोध घेता येतो.

मी सहसा थेट जातीचे नाव शोधत नाही. वरून खाली उतरतो. आयसोपोडा या गणाचा तिथला क्रमांक 1131 आहे. तिथून सायमोथोइडा हा उपगण, त्याखाली एपिकॅरिडिया, त्याखाली बोपायरॉइडिया हे अधिकुल, मग बोपायरिडी हे कुल, आणि मग उपकुले. इथे उतरताना यजमान फार मदत करतो. माझी कोळंबी पिनिडी कुलातली होती, आणि पिनिडींच्या कल्ल्यांत राहणारे बोपायरिड प्रामुख्याने ऑर्बायोनिनी या उपकुलातले असतात; पॅलिमोनिडी वगैरे दुसऱ्या गटातल्या कोळंब्यांवर बोपायरिनी उपकुलातले अधिक सापडतात. हा यजमानाचा धागा हातात असला की शेकडो नावांतून वीस-पंचवीस नावांपर्यंत येता येते, आणि सूचीची झाडासारखी उतरंड या कामासाठी अगदी सोयीची आहे.

यजमान ओळखण्यातच चूक झाली तर मात्र सगळाच मार्ग चुकतो, म्हणून तेवढ्यापुरते थोडे थांबतो. बाजारात ‘टायगर’ म्हणून येणाऱ्या पट्टेरी कोळंबीत दोन जाती सहज मिसळतात, पिनियस मोनोडॉन आणि पिनियस सेमिसल्कॅटस. सेमिसल्कॅटसच्या लांब मिशांवर तांबडे-पांढरे पट्टे असतात, मोनोडॉनच्या मिशा एकरंगी असतात. आणि चालण्याच्या पायांच्या पाचव्या जोडीला सेमिसल्कॅटसमध्ये एक बारीक बाह्यशाखा असते, जी मोनोडॉनमध्ये नसते. ती शाखा भिंगाखाली पहिल्यांदा दिसली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या चौघीजणी पाळीपाळीने तिच्यावर वाकून बसल्या होत्या. आमचा यजमान सेमिसल्कॅटस ठरला, आणि त्याबरोबर एपिपेनिऑन ही प्रजाती डोळ्यांसमोर आली, कारण एपिपेनिऑन इन्जेन्स ही जाती याच कोळंबीची प्रसिद्ध परजीवी आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कार्पेंटेरिया आखातात या जोडीवर बरेच काम झालेले आहे.

एपिपेनिऑन इन्जेन्सचे पान उघडले की वर नावापुढे ‘नोबिली, 1906’ असे दिसते, कंसाशिवाय. या कंसाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधायला मला फार आवडते, कारण एवढ्याशा खुणेत त्या नावाचा पूर्वेतिहास सामावलेला असतो. कंस नाही याचा अर्थ ज्युझेप्पे नोबिली यांनी 1906 मध्ये ज्या प्रजातीत ही जाती ठेवली त्याच प्रजातीत ती आजही आहे. उलट अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या प्रोबोपायरस पँडालिकोला या प्रसिद्ध जातीपुढे ‘(पॅकार्ड, 1879)’ असा कंस आहे, म्हणजे पॅकार्ड यांनी तिला ठेवले होते दुसऱ्याच प्रजातीत आणि पुढे कोणीतरी हलवले. बोपायरस ही प्रजाती लॅट्रेल यांनी 1802 मध्ये स्थापन केली आणि सुरुवातीच्या काळात दिसेल तो गाठवाला आयसोपॉड तिच्यातच टाकला गेला. नंतर त्या ढिगातून एकेक जात वेगळी निघाली. या साऱ्या हालचाली पानावर समानार्थी नावांच्या यादीत एकाखाली एक दिसतात, प्रत्येकीपुढे स्वीकृत की अस्वीकृत असा शेरा असतो, आणि तळाशी कोणत्या संपादकाने कोणत्या तारखेला काय बदलले याची नोंद असते. छापील पुस्तकात चुकीचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते; इथे दुरुस्ती झाली की तारखेसकट दिसते.

या नोंदींचे मोल मला एका संस्थेच्या संग्रहात गेल्यावर नीट कळले. एका बाटलीत तीन सुंदर माद्या होत्या आणि चिठ्ठीवर फक्त ‘बोपायरस, उपगण एपिकॅरिडिया’ एवढेच होते. यजमान नाही, ठिकाण नाही, उजवी बाजू की डावी नाही. उपगण हा शब्द त्या काळी बरोबरच होता. 2003 मध्ये ब्रँट आणि पूअर यांनी आयसोपॉडांच्या वरच्या पातळीवरील वर्गीकरणाची फेरमांडणी केली आणि एपिकॅरिडिया सायमोथोइडा या उपगणात सामावला गेला. पुढे 2013 मध्ये बॉयको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे अभ्यास करून आयोनिडी हे कुल बोपायरिडीपासून वेगळे काढले. ज्याने 1990 च्या सुमाराचे पाठ्यपुस्तक वाचून ठेवले आहे त्याला आजची उतरंड अनोळखी वाटते. वर्म्स या बाबतीत निःसंशय उपकारक आहे, कारण जुनी पातळी आणि नवी पातळी यांतला दुवा ती क्षणात लावून देते. बाटलीतली वर्गीकरणाची जुनी पातळी अशी दुरुस्त करता आली. न लिहिलेला यजमान मात्र परत मिळाला नाही.

उजवी की डावी हे मी वर मुद्दामच लिहिले. मादी उजव्या कल्ल्यांच्या पोकळीत वाढली तर तिचे शरीर एका दिशेला वाकते, डाव्या पोकळीत वाढली तर नेमके उलट, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. आमच्या एका विद्यार्थिनीने अशा दोन माद्यांची अतिशय मेहनतीने रेखाटने काढली आणि त्या दोन जाती आहेत असा निष्कर्ष लिहून आणला. तिचे निरीक्षण अचूकच होते. फक्त कोणती मादी कोणत्या बाजूची हे टिपलेले नव्हते. वर्म्सच्या जातीच्या पानावर अशी माहिती मिळत नाही, आणि तिथे ती असावी अशी अपेक्षाही चुकीची ठरेल. डोक्याचा मागचा काठ, पहिल्या अंडपट्टीच्या आतल्या कडेवरचे दाते, उदराच्या उपांगांना एक शाखा आहे की दोन, बाजूच्या पट्ट्या किती मोठ्या आहेत, ही सगळी लक्षणे मूळ वर्णनातच वाचावी लागतात.

आणि तिथेच ही सेवा मला सर्वांत जास्त आवडते. जातीच्या पानावर मूळ वर्णनाचा संदर्भ दिलेला असतो, आणि पुष्कळदा ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या जुन्या जीवशास्त्रीय ग्रंथांच्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयातल्या त्या नेमक्या पानाचा दुवाही असतो. भारतीय कोळंब्यांवरच्या बोपायरिडांचा पाया बी. चोप्रा यांनी घातला. 1923 मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्यूझियम’च्या 25 व्या खंडात त्यांचा सुमारे 140 पानांचा निबंध आला आणि 1930 मध्ये त्याची पुरवणी आली. शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याहून निघालेला तो निबंध मी पहिल्यांदा नुसता संदर्भ म्हणून वर्म्सवर पाहिला, मग शोधून वाचला, आणि त्यातली चित्रे पाहून थक्क झालो. एकेका उपांगाचे वेगळे रेखाटन, यजमान कोणता, कुठून आला, कोणत्या बाजूला होता, सगळे तिथे आहे. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हा खंड कधीच येणार नव्हता, तिथल्या पदवीच्या मुलींनी तो शब्दकोश जवळ घेऊन वाचला.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. वर्म्सवर ओळखीची किल्ली नाही. ‘असे असेल तर इकडे, तसे असेल तर तिकडे’ असा क्रमाने नेणारा तक्ता हवा असेल तर तो स्वतंत्र शोधनिबंधांतच शोधावा लागतो. छायाचित्रे काही पानांवर आहेत, पुष्कळ पानांवर नाहीत. प्रसाराच्या रकान्यात एखाद्या जातीपुढे भारताचे नाव नसेल, तर ती आपल्याकडे नाही असे कोणी समजू नये. कोणीतरी छापलेली आणि संपादकाने भरलेली नोंद तेवढी तिथे असते. यजमानांची माहितीही सर्व पानांवर सारख्या तपशिलात नसते. त्यातच कोळंब्यांच्या नावांचा स्वतंत्र घोळ आहे. 1997 मध्ये पिनियसचे तुकडे करून फेनेरोपिनियस, लिटोपिनियस अशा प्रजाती मानल्या गेल्या आणि आता त्या पुन्हा पिनियसमध्येच धरल्या जातात, त्यामुळे परजीवीविषयीचे जुने-नवे लेख शोधताना यजमान दोन्ही नावांनी शोधावा लागतो. सुदैवाने कोळंबीचेही पान वर्म्सवर आहे आणि तिथे ही सगळी नावे एकत्र दिसतात.

यजमान आणि प्रसार यांची सांगड किती महत्त्वाची ठरते याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर चिखलात बिळे करून राहणाऱ्या उपोगेबिया या कोळंबीसारख्या प्राण्यावर एक बोपायरिड सापडला, आणि 2004 मध्ये जॉन मार्कहॅम यांनी त्याला ऑर्थिऑन ग्रिफेनिस हे नाव दिले. पुढे कळले की तो तिथला नाहीच, आशियाच्या किनाऱ्यावरून गेलेला आहे. तोवर त्याने तिथल्या स्थानिक उपोगेबियाची संख्या चिंताजनक रीतीने घटवली होती. आपल्या किनाऱ्यावर एखादा नमुना सापडला आणि तो नीट नोंदवला, तर असा प्रवास कुठून कुठे झाला हे ठरवायला कोणाला तरी तो उपयोगी पडतो. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना सांगतो की नाव कळले नाही तरी चालेल, तारीख, बंदर, यजमान आणि बाजू लिहा.

गाठीचे नुसते छायाचित्र काढून नाव मागण्याची सवय हल्ली वाढली आहे. मला ती काळजीची वाटते, कारण बाहेरून दिसते ती गाठ कोळंबीची असते, प्राणी आत असतो. अशा फोटोवरून ‘बोपायरिडी’ एवढे म्हणता येते, त्यापुढे काही नाही. वरवर पाहून ठरवण्याचा इतिहासही जुना आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कोळी असे समजत की कोळंबीच्या कवचाखाली वाढणारा हा चपटा, वाकडा जीव म्हणजे लेपटीसारख्या चपट्या माशाचे पिल्लूच आहे, आणि ही समजूत विद्वानांपर्यंत पोचली होती. फुजरू द बोंदरोआ यांनी 1772 च्या आपल्या निबंधात तो प्राणी कोळंबीला चिकटणारा वेगळाच जीव असल्याचे दाखवले. त्या कोळ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मादी बशीत ठेवून पाहिली की ती खरोखरच इवल्या लेपटीसारखी दिसते.

पिल्लांच्या बाबतीत तर शास्त्रज्ञही फसले. अंड्यातून निघालेले पिल्लू आधी कोपेपॉड या तरंगत्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यावर बसते, तिथे रूप बदलते, मग त्याला सोडून पोहत कोळंबीपर्यंत येते. आधी पोचणारे सहसा मादी बनते आणि मागाहून येणारे नर. कोपेपॉडवर बसलेल्या मधल्या अवस्थेला एकेकाळी मायक्रोनिस्कस नावाची स्वतंत्र प्रजाती समजले गेले होते. आज ते नाव या गटातल्या पिल्लाच्या एका अवस्थेचे नाव म्हणून उरले आहे. जाळ्यात आलेल्या तरंगत्या जीवांत असे पिल्लू दिसले तर त्याला जातीचे नाव द्यायच्या भानगडीत पडू नये, आणि सूचीतही ते शोधत बसू नये.

ही सेवा कोणासाठी आहे? प्राणिशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, कोळंबी-संवर्धनात काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी आणि संग्रहालयातल्या चिठ्ठ्या सुधारू पाहणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. घरी कोळंबी साफ करताना गाठ सापडली म्हणून घाबरलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की हे परजीवी फक्त कवचधारी प्राण्यांवर जगतात, माणसावर नाहीत. ते काढून टाकावे आणि कोळंबी नेहमीसारखी नीट शिजवून खावी. मांडणी इंग्रजीत आहे आणि लॅटिन शेरे पहिल्या दिवशी जड जातात, पण आठवडाभरात सरावाचे होतात. पाचपैकी गुण द्यायचे तर नावांच्या कामासाठी मी पाच देईन आणि ओळखीच्या कामासाठी तीन, आणि हे तीन कमी दिले असे मला वाटत नाही, कारण ते काम तिने स्वीकारलेलेच नाही.

आमच्या त्या पहिल्या मादीला नर नसल्यामुळे मी जातीचे नाव दिलेले नाही. तिच्या बाटलीत मऊ पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे: ‘बोपायरिडी, ऑर्बायोनिनी, एपिपेनिऑन, जाती अनिश्चित, यजमान पिनियस सेमिसल्कॅटस, उजवी पोकळी, नर नाही.’ गेल्या डिसेंबरात मावशींनी दुसरी कोळंबी दिली. या वेळी कवच बशीत पाण्याखालीच उचलले, नर जागेवर सापडला, आणि तो आता या दुसऱ्या मादीच्याच बाटलीत एका छोट्या कुपीत, कापसाच्या बोळ्याने बंद करून, तिच्याजवळ ठेवला आहे. चोप्रांच्या निबंधातली चित्रे शेजारी उघडून त्याचे उदर पाहण्याचे काम या आठवड्यात सुरू होते आहे.